थेट दृक्‌श्राव्य प्रक्षेपण करणाऱ्या सर्व्हरची भारक्षमता चाचणी : स्वरूप व आवश्यकता

प्रस्तावना :
शिरपूर हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणासाठी परिचित आहे. येथील एखाद्या महाविद्यालयाने व्याख्यानाचे इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण केल्यास सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरील विद्यार्थ्यासही त्याचा लाभ घेता येतो. मात्र ऐन वेळी सर्व्हर कोलमडल्यास सर्वप्रथम वंचित राहतो तो हाच विद्यार्थी. म्हणून सर्व्हरची क्षमता पूर्वीच तपासणे अगत्याचे ठरते.

क्षमतेचे गणित :
एका प्रेक्षकास प्रतिसेकंद 1.5 मेगाबिट माहिती लागते असे मानल्यास 1000 मेगाबिटच्या जोडणीवर तत्त्वतः 666 प्रेक्षक सामावतात. 30 टक्के क्षमता राखीव ठेवल्यास ही संख्या सुमारे 450 भरते. एचएलएस पद्धतीत चित्रण लहान तुकड्यांत पाठविले जाते. तुकडा 6 सेकंदांचा असल्यास 450 प्रेक्षकांकडून प्रतिसेकंद 75 तुकड्यांची व साधारण तितक्याच सूचीपत्रांची मागणी होते.

चाचणीची पद्धती :
अपाचे जेमीटरसारख्या मुक्त प्रणालीद्वारे कृत्रिम प्रेक्षक निर्माण करता येतात. त्यांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवावी, नंतर एकाएकी वाढवावी आणि शेवटी अपेक्षित भार काही तास कायम ठेवावा. प्रत्येक टप्प्यावर चित्र सुरू होण्यास लागणारा वेळ, उशिरा पोहोचणारे तुकडे, प्रोसेसर व स्मृती यांची नोंद घ्यावी. 100 मेगाबिटचे नेटवर्क कार्ड असलेला संगणक 66 हून अधिक प्रेक्षकांचे सोंग घेऊ शकत नाही. तेव्हा 450 प्रेक्षकांसाठी असे किमान 7 संगणक हवेत. अन्यथा मोजली जाते ती चाचणी घेणाऱ्या संगणकाचीच मर्यादा.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. प्रयोगशाळेतून घेतलेली चाचणी सर्व्हरची असते, महाविद्यालयाबाहेर जाणाऱ्या जोडणीची नसते. ती जोडणी 100 मेगाबिटची असल्यास वरील हिशेबाने जेमतेम 46 प्रेक्षक सामावतील. चित्राचा दर 0.4 मेगाबिटवर आणल्यास हीच संख्या 175 होते. त्यामुळे कमी दराचा पर्यायी प्रवाह ठेवणे दुर्बल जोडणीच्या विद्यार्थ्यास व महाविद्यालयास सारखेच हितावह आहे.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण :
जुलै 2019 मध्ये भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एकाच वेळी 2.53 कोटी प्रेक्षक होते. अशा भारासाठी या सेवेने कृत्रिम भार निर्माण करणारी स्वतंत्र यंत्रणा उभारली होती. धोनी बाद होताच प्रेक्षक झपाट्याने ओसरले. सामना सोडणारा प्रेक्षक मुखपृष्ठावर परततो व तेथील सर्व्हरवर ताण आणतो. म्हणजेच येणाऱ्या गर्दीइतकीच जाणाऱ्या गर्दीचीही चाचणी आवश्यक असते.

निष्कर्ष :
थोडक्यात, सर्व्हरची खरी क्षमता ही त्याच्या मार्गातील सर्वांत दुर्बल दुव्याइतकीच असते. हा दुवा कार्यक्रमापूर्वी शोधून काढणे, हेच भारक्षमता चाचणीचे प्रयोजन होय.