फिल्टरमधले बिनपगारी कामगार

माशांच्या टाकीत त्यांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा पुढे नायट्रेट. पहिली दोन्ही जहाल, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात थोडे. मुख्य वस्ती फिल्टरच्या स्पंजवर आणि तळच्या खड्यांवर. नव्या टाकीत ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

म्हणून स्पंज नळाखाली चकाचक धुणं म्हणजे हौसेनं केलेला घात. पाण्यात क्लोरीन असेल, तर वस्तीच साफ! टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळावा.

मोसम नदीकाठच्या नामपुरात काय किंवा नाशकात काय, वीज गेली की पंप थांबतो आणि या जिवाणूंचा प्राणवायू तुटतो. बॅटरीवरचा एअरपंप हाताशी ठेवावा. वीज येईपर्यंत माशांना खाणं नको.