करार, लोन आणि बाराव्या वर्षाची नोंद

चुडावा म्हणजे पूर्णा आणि नांदेडच्या मधलं छोटं स्टेशन. इथल्या एखाद्या पोराला मिडफिल्डर होऊन परदेशात खेळायचं असेल, तर पायांइतकंच कागदांकडेही लक्ष द्यावं लागेल. मेस्सीबिस्सी सोडा, बिऱ्हाड पाठीवर टाकून या क्लबातून त्या क्लबात जाणारे खेळाडूच जगात जास्त. त्यांचं कसं चालतं?

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याच्या रोमिओ फर्नांडिसचं. गाव असोळणा, क्लब धेंपो, खेळायचा विंगवर. 2014 च्या पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये तो एफसी गोवाकडून उतरला, तेव्हा प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको. पुढच्याच वर्षी तो ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या अॅतलेतिको परानाएन्स क्लबकडे लोनवर गेला. लोन म्हणजे मूळ क्लबशी करार कायम, खेळायचं मात्र दुसरीकडे, आणि मुदत संपली की परत. रोमिओ 2015 मध्येच परतला. अशा परतीला ‘जमलं नाही वाटतं’ म्हणायची आपल्याकडे भारी घाई असते. लोनवर गेलेला परत येणारच की! 2022 पासून तर फिफाने आंतरराष्ट्रीय लोनवर एका वर्षाची मर्यादाच घातली आहे.

देश बदलताना जुन्या देशाच्या फुटबॉल महासंघाचं आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र लागतं. त्याची मागणी फिफाच्या ऑनलाइन प्रणालीतून, सहसा ट्रान्सफर विंडो (बदल्यांचा ठरलेला काळ) उघडी असतानाच करावी लागते. मोजके अपवाद सोडले तर अठराच्या आत परदेशी नोंदणी होत नाही. शिवाय वर्क परमिट. 2009 मध्ये सुनील छेत्रीचा लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता, पण भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरात नाही म्हणून परमिट नाकारलं गेलं. त्यात त्याच्या खेळाचा काय दोष?

पगार थकणं हे या धंद्यातलं जुनं दुखणं. दोन महिन्यांचा पगार क्लबने बेकायदा थकवला, तर खेळाडू लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवस थांबतो. तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडू शकतो. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करायलाही तो मोकळा.

आता गावाचा वाटा. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून परदेशी क्लबने घेतला, तर रकमेतले 5 टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक वर्षाला 0.25 टक्का, सोळा ते तेवीसला 0.5 टक्का. एक कोटीच्या बदलीत, बाराव्यापासून चार वर्षं सांभाळणाऱ्या क्लबला एक लाख. पण ती वर्षं खेळाडूच्या नोंदीत दिसायला हवीत. त्यासाठी क्लब संलग्न हवा, महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली, आणि पोराचं नाव भारतीय महासंघाच्या केंद्रीय नोंदणीत. नुसत्या मैदानावरच्या सरावाचा हिशेब फिफाकडे पोचत नाही. आणि करार संपवून फुकट बदली झाली, जी अशा फिरत्या खेळाडूंची नेहमीचीच, तर या वाट्यात गावाला काहीच मिळत नाही.