माशीच्या अंगावरील थेंब

डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर उगवणाऱ्या, शेवंतीच्या गोतातील एका पांढऱ्या फुलाची पूड कीटकांना क्षणार्धात लोळविते आणि माणसाला मात्र फारशी बाधत नाही, हे युरोपास एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. परंतु उन्हात काही तासांतच सामर्थ्य ओसरणारी ती पूड घरातील माश्यांच्या बंदोबस्तास पुरली, तरी उघड्या शिवारातील किडीपुढे निष्प्रभ ठरली. स्टाउडिंगर आणि रुझिच्का यांनी तिच्यातील विषद्रव्याच्या रचनेचा उलगडा १९२४ मध्ये प्रसिद्ध केला, तरी उन्हाचा प्रश्न पुढे जवळजवळ अर्धशतक सुटला नाही.

तो सोडविला इंग्लंडातील रोथॅमस्टेड या १८४३ पासून चालत आलेल्या कृषिसंशोधन केंद्रात मायकेल एलियट आणि त्यांचे सहकारी यांनी. रेणूचा जो आकार कीटकाच्या मज्जातंतूवर आघात करतो तो अबाधित राखून, प्रकाशाने भंगणारे अवयव तेवढे पालटावयाचे, हा त्यांचा संकल्प. आणि त्यानुसार अम्लाच्या बाजूस मिथिल गटांच्या जागी क्लोरिनचे अणू, तर अल्कोहोलच्या बाजूस फिनॉक्सिबेंझिलची घडण त्यांनी योजिली. परंतु कागदावर रेखलेल्या रेणूस मान्यता देण्याचा अखत्यार कीटकाचाच. म्हणून घरमाशी आणि मोहरीवरील भुंगेरा यांना वेठीस धरून, अॅसिटोनमध्ये विरघळविलेल्या द्रव्याचा मोजलेला सूक्ष्म थेंब एकेकाच्या अंगावर ठेवावयाचा, मात्रा पायरीपायरीने चढवावयाची, मृतांची गणती करावयाची, आणि निम्मे कीटक जिने मरतात ती मात्रा दप्तरी नोंदवावयाची, असे हे जिकिरीचे काम एकामागून एक संयुगांवर चालले. माझ्या मते रेणूच्या कल्पनेइतकेच श्रेय या नीरस गणतीला आहे. १९७३ मध्ये पर्मेथ्रिन जाहीर झाले, आणि पुढच्याच वर्षी डेल्टामेथ्रिन, ज्याने हेक्टरी लागणारी मात्रा किलोंवरून थेट ग्रॅमांवर आणली.

मात्र हे नवे द्रव्य मज्जातंतूच्या ज्या सोडियम-मार्गावर घाव घालते, त्यावरच पूर्वी डीडीटीने घाव घातला होता. आणि डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या फुलांच्या अर्कालाही दाद देत नाहीत, हा दाखला कीटकशास्त्रज्ञ बस्विन यांनी १९५१ मध्येच देऊन ठेवला होता. तरीही भारतातील कपाशीवर या औषधांची फवारणी ऐंशीच्या दशकात सढळ हाताने झाली, आणि १९८७ मध्ये आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम भागात हिरवी बोंडअळी फवाऱ्यांखालीही जगली. कर्ज काढून औषध आणणाऱ्या शेतकऱ्यावर तेव्हा जे ओढवले, त्याची भरपाई कोणत्याही तक्त्यात होत नाही.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने पुढे निरनिराळ्या जिल्ह्यांतील अळ्या आणून त्यांची प्रतिकारशक्ती मोजली. ही मोजणी दरवर्षी, तालुक्यातालुक्यातून व्हावी, आणि आपल्या शिवारातील अळीवर कोणते औषध अजून लागू पडते हे पहिल्या फवारणीपूर्वी कृषी सेवा केंद्राच्या फळ्यावर शेतकऱ्याला वाचावयास मिळावे, एवढी मागणी मी निःसंकोचपणे करतो.