सर्पेंटाइन पट्टा
सर्पेंटाइन पट्टा हा मोटारीच्या इंजिनावरील, आतून लांब खाचा असलेला अखंड रबरी पट्टा होय. तो क्रँकशाफ्टची गती अल्टरनेटर, वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर आणि अनेक गाड्यांत पाण्याच्या पंपापर्यंत पोहोचवतो. गॅरेजांत त्याला सरसकट ‘फॅन बेल्ट’ म्हणतात, मग तो पंखा फिरवत असो वा नसो. पट्टा तुटल्यास बॅटरीचे चार्जिंग थांबते; पंपही त्यावरच चालत असल्यास इंजिन लवकर तापते.

पट्टा बदलताना खरी अडचण बहुधा ताण सैल करणाऱ्या बोल्टची असते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा परिसरात पावसाळा जोराचा आणि हवा दमट असते. पेणच्या खाडीकाठी ती खारटही असते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून आटे घट्ट बसतात. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात असल्यास खारट ओलाव्याने ॲल्युमिनियमही झिजते.

अशा बोल्टवर एकदम जोर लावल्यास त्याचे डोके तुटते व किरकोळ काम मोठे होते. प्रथम आटे उलटे नाहीत ना, हे पाहावे. काही पुलींचे बोल्ट घड्याळाच्या दिशेने सुटतात. त्यानंतर गंज सोडवणारे तेल सोडून काही तास थांबावे, डोक्यावर हलके ठोके द्यावेत आणि सहा कडांच्या पान्याने बोल्ट थोडा आवळून मग सोडवावा. हे तेल नव्या पट्ट्याला लागू देऊ नये, अन्यथा तो घसरतो. जुना पट्टा काढण्यापूर्वी त्याच्या मार्गाचे रेखाटन करून ठेवावे.