तिकीट गळालेलं पाकीट

जुन्या टपालाच्या बाजारात तिकीट नसलेल्या पाकिटाला सहसा कुणी विचारत नाही. संग्राहकांच्या बोलीत पाकीट म्हणजे 'कव्हर', आणि कव्हरची किंमत ठरते ती तिकीट, शिक्का आणि प्रवासाचा मार्ग यांवर. त्यातलं पहिलंच गायब असेल, तर विक्रेता ते स्वस्तातल्या ढिगात टाकून मोकळा होतो. पण शिक्का मुंबईचा, तारीख नोव्हेंबर १९५०च्या पहिल्या एक-दोन दिवसांतली, पत्ता विलायतेचा आणि कागद पाण्यात भिजून वाळलेला असेल, तर ते ढिगातून उचलून बाजूला ठेवावं. त्या सुमारास मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान पोचलंच नाही. त्यातली काही पत्रं मात्र अठ्ठावीस वर्षांनी सापडली.

आधी पाकीट वाचू. तिकीट पडलं तरी त्याची जागा राहते. उजव्या कोपऱ्यात आजूबाजूपेक्षा उजळ चौकोन दिसतो आणि त्याच्या मापावरून तिकीट लहान होतं की मोठं, एक होतं की दोन, याचा अंदाज येतो. शिक्का हातानं मारला असेल, तर निम्मा तिकिटाबरोबर गेलेला असतो आणि पाकिटावर नुसती चंद्रकोर उरते. मोठ्या टपालकचेऱ्यांत यंत्रानं शिक्के मारत. त्यात तारखेचं वर्तुळ डावीकडे कागदावर पडतं आणि तिकिटावर नुसत्या नागमोडी रेघा येतात. असं पाकीट मिळणं म्हणजे संशोधकाचं नशीब, कारण तिकीट गेलं तरी तारीख सबंध राहते.

शाई तर फारच बोलकी. फाउंटन पेनची धुऊन जाणारी निळी शाई पाण्यात पसरते आणि पत्त्याचं आभाळ होतं. काळी-निळी पक्की शाई बरीच तग धरते. टंकलेखन टिकतं, साधी पेन्सिल तर सगळ्यांना पुरून उरते. कचेऱ्यांत तेव्हा कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत. तिच्या करड्या रेघेला ओल लागली की ती जांभळी होते. एखाद्या पाकिटावर कोपऱ्यात कारकुनानं टाकलेला आकडा असा जांभळा फुटलेला दिसला, तर पाणी लिहून झाल्यानंतर लागलं एवढं नक्की.

तिकिटं पडतात ती डिंकामुळे. भारताची तिकिटं १९२६पासून नाशिकच्या सुरक्षा मुद्रणालयात छापली जाऊ लागली. त्यांच्या पाठीचा डिंक जिभेनं ओला करून चिकटवायचा आणि पाणी लागलं की सुटायचा. 'हवाई टपाल' अशी निळी चिठ्ठीही तशीच लावलेली, म्हणून ती जागाही बहुधा रिकामीच असते.

आता विमान. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं, चार पंख्यांचं विमान. नोंदणी व्हीटी-सीक्यूपी. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवेची सुरुवात याच विमानानं केली, कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. त्या उड्डाणासाठी टपालखात्यानं बारा आण्यांचं खास तिकीट काढलं होतं, त्यावर कॉन्स्टेलेशनचंच चित्र. पहिल्या उड्डाणाची पाकिटं लोकांनी जपून ठेवली, ती आजही बऱ्यापैकी मिळतात. शेवटच्या उड्डाणाची पाकिटं कुणी हौसेनं तयार केलेली नाहीत. माझ्या लेखी त्यांचं मोल त्यामुळेच अधिक.

३ नोव्हेंबर १९५०च्या सकाळी हे विमान कैरोहून जिनिव्हाकडे येत होतं. हवा वादळी होती. उतरण्याची तयारी चालू असताना ते आल्प्समधल्या सर्वांत उंच डोंगरावर, माँ ब्लाँच्या माथ्याजवळ रोशे द ला तुर्नेत या कड्यावर आदळलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ४८ जण होते, त्यांतलं कुणीही वाचलं नाही. बचावाला निघालेल्या, पायथ्याच्या शामोनी गावाच्या पथकातले नावाजलेले वाटाडे रने पायो यांनीही त्या मोहिमेत जीव गमावला.

एखादं पाकीट या विमानात होतं हे म्हणायला नुसती तारीख जुळून भागत नाही, ते तिथवर पोचायला वेळ मिळाला होता का हेही पाहावं लागतं. मुंबईत टाकलेलं पत्र सांताक्रूझच्या विमानतळावर पोचायला फार अवधी लागत नसे. कलकत्त्याचा किंवा मद्रासचा शिक्का असेल तर हिशेब वेगळा. एप्रिल १९४९पासून देशांतर्गत पत्रं जादा आकाराशिवाय विमानानं जाऊ लागली होती, आणि रात्रीच्या हवाई टपालाचं केंद्र होतं नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांची विमानं मध्यरात्री तिथं जमत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेच्या आत परतत. म्हणजे कलकत्त्याच्या आदल्या संध्याकाळच्या शिक्क्याचं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानात असू शकतं. मात्र ४ नोव्हेंबरचा शिक्का असलेलं पाकीट 'मलबार प्रिन्सेसचं' म्हणून कुणी विकू लागला, तर नमस्कार करून पुढं जावं.

बनावट माल या प्रकारात आहेच. साधं पाकीट भिजवून तिकीट काढणं हा पोरखेळ आहे. उलटी लबाडीही चालते: खऱ्या अपघाती पाकिटावर उजळ चौकोन बरा दिसत नाही म्हणून त्या काळचं एखादं तिकीट चिकटवून देतात. १९४९च्या पुरातत्त्व मालिकेतली तिकिटं ढिगानं मिळतात, त्यामुळे ते सोपंही पडतं. अशा वेळी तिकिटावरच्या शिक्क्याच्या रेघा कागदावरच्या रेघांना जुळतात का, एवढं भिंगाखाली पाहिलं तरी पुरतं. बेल्जियमच्या हेन्री निरिंक यांनी अपघातातून वाचलेल्या टपालाची जगभरची सूची केली आहे. ती उघडल्याशिवाय या भानगडीत पडू नये.

कड्यावर विखुरलेलं सामान बर्फानं गिळलं. पण हिमनदी घेतलेलं परत करते. माथ्यावर पडलेला बर्फ दबून घट्ट होतो, उतारावरून सरकत राहतो आणि खाली जिथं वितळतो तिथं पोटातल्या वस्तू बाहेर येतात. माँ ब्लाँवरून शामोनीच्या खोऱ्याकडे उतरणारी बोसाँ हिमनदी फार तीव्र उताराची, म्हणून तिचा हा हिशेब दशकांत मिटतो. १९७८च्या उन्हाळ्यात तिच्या टोकाजवळ फ्रेंच पोलिसांना टपालाची पिशवी सापडली. आत पन्नासहून अधिक पत्रं होती, आणि ती मूळ पत्त्यांवर रवाना झाली. यात नुसती हौस नव्हती. जागतिक टपाल संघाच्या नियमानुसार पत्र ज्याच्या नावाचं त्याच्या हाती पडेपर्यंत ते पाठवणाऱ्याच्या मालकीचं राहतं. अठ्ठावीस वर्षं बर्फात होतं म्हणून ते बेवारस ठरत नाही.

इथवर गोष्ट सरळ आहे. गुंता वाढतो तो दुसऱ्या विमानामुळे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचंच 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ जवळपास त्याच ठिकाणी कोसळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्या अपघाताभोवती तर्कवितर्कांचं जंगल माजलं आहे, त्यात मी शिरत नाही. २०१२ साली हिमनदीवर भारताच्या परराष्ट्र खात्याची राजनैतिक टपालाची पिशवी मिळाली. पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू आणि नीलमण्यांची पेटी सापडली आणि त्यानं ती इमानानं पोलिसांत दिली. २०२०मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी असलेली वर्तमानपत्रं निघाली. असं काही बाहेर आलं की आपल्याकडे बातमी ठरलेली: 'भाभांच्या विमानाचे अवशेष.'

पहिल्या विमानाचं मात्र नाव निघत नाही. त्यातले बहुतेक प्रवासी होते भारतीय खलाशी, ब्रिटनमध्ये जहाजावर रुजू व्हायला निघालेले. मुंबई बंदरात भरती होणाऱ्यांत रत्नागिरी आणि गोव्याकडच्या घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या असत, आणि बोटीवर चढायला विमानानं जाणं ही तेव्हा नवलाईच होती. या अपघातावरून आंरी त्रोया यांनी १९५२ साली फ्रेंच कादंबरी लिहिली. १९५६ साली तिच्यावर हॉलिवूडनं 'द माउंटन' काढला, त्यात स्पेन्सर ट्रेसी. त्या कथेत विमानात एकच जीव वाचतो, एक हिंदू तरुणी. खलाशांच्या विमानातून कादंबरीकारानं नेमकी तरुणी वाचवावी, यात मला नवल वाटत नाही. राग मात्र येतो.

म्हणून हिमनदीतून येणारा कागद कोणत्या विमानातला, हे ठरवणं संग्राहकांचा छंद म्हणून सोडून देण्यासारखं नाही. धातूचं एक बरं असतं: पंख्याचं पातं निघालं तर १९५०, जेट इंजिनाचा भाग निघाला तर १९६६. कागदाला शिक्का नसेल तर चलन बघावं. १ एप्रिल १९५७ला आणे जाऊन नये पैसे आले, १९६४च्या जूनपासून त्यांतला 'नये'ही गेला. घडीच्या हवाईपत्रावर तिकीट छापलेलंच असतं, ते पाण्यानं गळत नाही. त्यावर आण्यांतली किंमत दिसली, तर ते पत्र भाभांच्या विमानातलं नाही. ते खलाशांच्या विमानातलं आहे, आणि बातमीत तसंच लिहायला हवं.