सिस्टरची कंबर आणि कचऱ्याच्या पिशवीतली सुई

अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातून पुढच्या उपचारांसाठी मुंबईला हलवायचा रुग्ण वाटेत किती वेळा उचलला जातो, हे मोजून पाहावं. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत, मग वडखळ-पेण-पनवेल करत मुंबई गाठली की पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा खाट. साठ किलोचं शरीर, हाताला सलाईन, खाली लघवीची पिशवी, आणि माणूस शुद्धीवर असेलच असं नाही. प्रत्येक टप्प्याला हात लागतात ते सिस्टरचे, वॉर्डबॉयचे, मावशींचे.

तरीही ‘नर्सिंगमध्ये कसली आली दुखापत? ते काय बांधकाम आहे?’ असं सर्रास बोललं जातं. अमेरिकेत अशा दुखापतींची रीतसर मोजदाद होते. तिथल्या रुग्णालयांत २०११ साली पूर्णवेळ काम करणाऱ्या दर १०० जणांमागे ६.८ दुखापती आणि कामामुळे झालेले आजार नोंदले गेले. दुखापतीमुळे रजा घ्यावी लागण्याचं प्रमाण तर बांधकाम आणि कारखान्यांपेक्षाही रुग्णालयांत जास्त निघालं.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं: गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, कंबर धरणार नाही. हा सल्ला खोक्यासाठी ठीक आहे. खोकं अंगाशी धरता येतं आणि ते मध्येच हिसका देत नाही. रुग्ण खाटेच्या मधोमध असतो, त्याच्यापर्यंत पोचायला पुढे झुकावंच लागतं, आणि ऐन उचलताना तो घाबरून गळ्याला मिठी मारतो. अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेच्या सूत्रानुसार सगळी परिस्थिती अनुकूल असेल तर २३ किलोपर्यंतचं वजन उचलणं सुरक्षित मानतात. रुग्ण हाताळताना ही मर्यादा सुमारे १६ किलोवर आणावी, असं २००७ मध्ये सुचवण्यात आलं. साठ किलोच्या माणसाचा एक पाय साधारण दहा किलोचा भरतो. म्हणजे चादर बदलताना दोन्ही पाय एकदम उचलले की एकट्या सिस्टरने मर्यादा ओलांडलीच. कंबरेच्या पट्ट्याचंही तेच. तो बांधल्याने निरोगी पाठीची दुखापत टळते याला पुरावा नाही, असं याच संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं होतं.

एकदाच उचलण्यापेक्षा रोजच्या उचलण्याचा हिशेब मोठा आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून देतात. आठ तासांच्या पाळीत एका रुग्णामागे चार वेळा. असे दहा रुग्ण असले तर चाळीस वेळा, आणि तेही बाकीची सगळी कामं सांभाळून.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची हकिकत इथे आठवल्याशिवाय राहत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच, तिथल्या एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर होऊ दिले नाहीत, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही घेतली गेली. ही कामगिरी अभिमानाचीच आहे. पण ती पार पडली परिचारिकांच्या पिढ्यांच्या हातांवर आणि कमरेवर. रुग्णाची त्वचा शाबूत राहिली, हे आपण मोजतो. ती शाबूत ठेवणाऱ्याच्या मणक्याचं काय झालं, हे कुणी मोजत नाही.

उपाय फार महागडेही नाहीत. सरकवायला स्लाइड शीट नावाची गुळगुळीत चादर, स्ट्रेचरपर्यंत पूल बांधणारी फळी, खाट कमरेच्या उंचीला आणणारा हँडल, चाकांना चालू स्थितीतले ब्रेक आणि पाळीत पुरेशी माणसं. यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तेच सगळ्यांत दुर्मीळ.

सुईबद्दलचे समज जास्त घातक आहेत. ‘टोचली म्हणजे निष्काळजीपणा’ हा त्यातला पहिला. पण वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवताना बोट सापडतं ते घाईत, आणि घाई येते ती अपुऱ्या माणसांमुळे. शिवाय टोचते ती फक्त इंजेक्शन देणारीलाच असंही नाही. चुकीच्या पिशवीत पडलेली सुई संध्याकाळी पिशवी बांधणाऱ्या मावशींच्या तळहातात घुसते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया टाकायच्या त्या पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच.

दुसरा समज: सुई म्हणजे एचआयव्ही. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्हीची शक्यता हजारात सुमारे तीन. लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपेटायटिस बीची शक्यता मात्र शंभरात ६ पासून ३० पर्यंत जाते. ज्याची भीती कमी, त्याचा धोका कितीतरी जास्त, आणि नेमकी त्याच्यावरच लस उपलब्ध आहे.

टोचल्यावर बोट दाबून रक्त काढणं, तोंडात घालणं, वर स्पिरिट ओतणं हे तिन्ही चूक. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांची गरज असेल तर त्या पहिल्या दोन तासांत सुरू झालेल्या उत्तम. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. ‘उद्या पाळी संपल्यावर बघू’ म्हणण्यात हे तास निघून जातात.

धोका वॉर्डाच्या भिंतीत राहतो असंही नाही. उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर लसीकरणाला जायचं तर बोटीशिवाय वाट नाही. लसीच्या पेटीबरोबर सुई कापणारा हब कटर न्यायचा, आणि कापलेल्या सुयांचा डबा पावसाळी, निसरड्या धक्क्यावरून सांभाळून परत आणायचा.

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना होणाऱ्या मारहाणीबद्दलही थोडक्यात. ‘कायदा डॉक्टरांसाठी आहे’ हे खरं नाही. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात परिचारिकाही येतात; हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि एक समज खुद्द कर्मचाऱ्यांमधला: ‘मी कंत्राटी, माझी नोंद कशाला?’ कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणं, ही २०१६ च्या नियमांनी रुग्णालयावर टाकलेली जबाबदारी आहे. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. कचरा हाताळताना सुई टोचल्याची घटनाही वार्षिक अहवालात यायला हवी. नोंदच झाली नाही तर कागदावर त्या वॉर्डात कुणालाच काही झालेलं नसतं, आणि मग जादा माणसं मागायला आधार उरत नाही.

ज्यांच्या घरात कुणी सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय किंवा नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, त्यांनी आज एवढं विचारावं: हेपेटायटिस बीचे तिन्ही डोस झाले का, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासली का? उत्तर ‘नाही’ असेल तर उद्याच रुग्णालयाकडे लेखी मागणी करावी.