१०९५ दिवसांची फाइल

२०१२च्या ऑगस्टमध्ये टोरंटोतल्या स्कार्बरोच्या एका तळघरातल्या खोलीत उतरले, तेव्हा बॅगेत सांगलीची हळद, आईचं मेतकूट आणि एक प्लॅस्टिकची फाइल होती. हळद वर्षभरात संपली. फाइल मात्र फुगत गेली आणि २०१८च्या जानेवारीअखेर तिच्यातून कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज निघाला.

मधल्या काळात नियमच दोनदा बदलले. मी आले तेव्हा चार वर्षांत १०९५ दिवस देशात काढले की पुरे होतं, आणि पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, मिळण्याआधीचा दिवस अर्धा धरला जाई. ११ जून २०१५पासून सहा वर्षांत १४६० दिवस लागू झाले, सोबत चार वर्षांची करविवरणं. विद्यार्थी म्हणून काढलेले दिवस साफ बाद. माझी पीआर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. नियम बदलून पाच महिने झाले होते! कालनिर्णयच्या मागच्या पानावर मी २०१९ संपेपर्यंतचा हिशेब मांडून ठेवला होता. मग ११ ऑक्टोबर २०१७ला नियम पुन्हा सैल झाले: पाच वर्षांत १०९५ दिवस, तीन वर्षांचा कर, आणि जुने अर्धे दिवस परत, जास्तीत जास्त ३६५.

आता खरी परीक्षा होती प्रवासाच्या तारखांची. पाच वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, कधी परतलात, कशासाठी गेलात, हे सगळं भरायचं. बफेलोला सकाळी जाऊन रात्री परतलेली फेरीसुद्धा. कॅनडातून निघताना पासपोर्टवर शिक्का मारणारं कोणी नसतं, त्यामुळे माझ्या जाण्याचा पुरावा मुंबईच्या विमानतळावरच मिळायचा. मार्च २०१६मध्ये बाबा मिरजेला दवाखान्यात होते, तेव्हाचा मुंबईचा शिक्का ठसठशीत आहे. परत आल्याचा टोरंटोचा शिक्का मात्र दुसऱ्या शिक्क्यावर बसलेला, तारीख वाचताच येईना. शेवटी जुन्या ईमेलमध्ये तिकीट सापडलं. मी पन्नास दिवस मोजले होते, ते अठ्ठेचाळीस निघाले. जाण्याचा आणि येण्याचा दिवस कॅनडातलाच धरतात. दोन दिवस फुकट मिळाले म्हणून त्या रात्री मी खूश होते. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘कौटुंबिक’. त्या अठ्ठेचाळीस दिवसांना एवढीच जागा होती.

भावाच्या लग्नाचे तेवीस धरून एकूण गैरहजेरी एकाहत्तर. बेरीज आली १११५. वीस दिवस जास्तीचे ठेवूनच सही केली. काठावरच्या अर्जाला निवासाची लांबलचक प्रश्नावली येते आणि मग घरभाड्याचे करार, बँकेची स्टेटमेंट्स असं सगळं उकरत बसावं लागतं, हे ओळखीतल्या दोघांकडे पाहून कळलं होतं.

कराचं प्रकरण त्यामानाने सरळ गेलं, पण माझ्या हुशारीमुळे नव्हे. पहिल्या वर्षी कमाईच नव्हती, म्हणून विवरण भरलंच नाही. भरायची सक्ती नव्हती हे खरं, पण कमी उत्पन्नवाल्यांना जीएसटीचे जे पैसे परत मिळतात, तेही घालवले. पुढे ज्या दुकानात कॅशियर होते त्यांनी टी-फोर, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, पाठवलाच नाही. चार फोन केले, काही उपयोग नाही. नंतर करखात्याच्या वेबसाइटवर स्वतःचं खातं उघडलं तर तो तिथे निमूट बसलेला! प्रत्येक वर्षाची नोटिस ऑफ असेसमेंटही तिथेच. तीस एप्रिलची मुदत मी त्यानंतर कधी चुकवली नाही.

फी तेव्हा ६३० डॉलर होती. वीस प्रश्नांची परीक्षा, पंधरा बरोबर हवेत. ते सगळं पटकन उरकलं. शपथ तेव्हा राणीशी निष्ठेची होती. ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या पत्री सरकारच्या मुलखातली मी, राणीचं नाव घेताना हसू दाबत होते. शेजारच्या सोमाली आजी मात्र रडत होत्या, मग मीही गप्प झाले.

दोन नागरिकत्वं भारताला चालत नाहीत. भारतीय पासपोर्ट जमा केला, तो रद्द होऊन परत आला आणि आता त्याच फाइलमध्ये आहे. मुंबईचा तो शिक्का अजून ठसठशीत दिसतो. टोरंटोचा तेव्हाही वाचता येत नव्हता, आताही येत नाही.